न दुखणारा चट्टा

जंतू अंगात शिरला की माणूस आजारी पडतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तो कुठून शिरतो, शिरल्यावर कुठे जाऊन बसतो आणि शेवटी शरीराची नासधूस नेमकी कोण करतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक रोगात त्यांची उत्तरं वेगळी असतात. मी पनवेल तालुक्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. नेरे, वावंजे, आजिवली, आपटा, गव्हाण या आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या गावांतून आणि वाड्यांवरून लोकांच्या पाठी, कोपरं आणि तळपाय तपासत हिंडलो. वाड्यांवर मला ‘चट्टेवाला’ म्हणत. या तीन प्रश्नांची उत्तरं मी ज्या जंतूकडून शिकलो, त्याच्याविषयी हे लिहितो आहे. कारण लोक त्याला घाबरतात ते चुकीच्या गोष्टीसाठी, आणि जिथे खरोखर सावध व्हायला हवं तिथे निर्धास्त राहतात.

पनवेलच्या माणसाला शांतिवन माहीत असतं. शहरातून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे गाव लागतं, तिथे कुष्ठरोग निवारण समितीची ही संस्था आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा शहरातली चांगली शिकलेली माणसंही तिथे पाणी प्यायला कचरत. मला ते विचारत, ‘तुम्ही रोज कुष्ठरुग्णांना हात लावता, तुम्हाला काही झालं नाही?’ या प्रश्नामागे एक ठाम समजूत असते : हा रोग स्पर्शाने होतो, जखमेतल्या घाणीतून होतो. रोगाची ओळखच झडलेली बोटं आणि फडकं बांधलेला पाय अशी झाल्यावर दुसरं काय वाटणार?

या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम लेप्रे. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींतून घेतलेल्या पेशींमध्ये तो पाहिला. काडीसारखा, लांबट. तोवर नॉर्वेतले मोठे मोठे डॉक्टर हा रोग आनुवंशिक मानत होते, आणि त्यात हॅन्सनचे सासरे डॅनियलसन हेही होते. त्यांची चूक समजण्यासारखी होती. एकाच घरात बाप, मग काही वर्षांनी मुलगा, मग नातू आजारी पडतो, तेव्हा रक्तातूनच आलं असं वाटतं. जंतू शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा, ही गोष्ट तेव्हा कुणाला माहीत नव्हती. इतकं अंतर असलं की कुठून आला हा प्रश्नच विरून जातो.

हा उशीर त्याच्या वाढीच्या वेगातून येतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूला चांगलं अन्न मिळालं, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. असे तीस वेळा दुप्पट झाले की एकाचे शंभर कोटींच्या वर जंतू होतात, आणि त्याला दहा तास पुरतात. म्हणूनच रात्री खाल्लेलं शिळं सकाळी त्रास देतं. कुष्ठरोगाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. तेवढंच तीस वेळा दुप्पट होणं त्याला वर्षभराचं किंवा त्याहून अधिक काळाचं काम आहे, आणि तेही शरीराने अजिबात अटकाव केला नाही तर. आजवर कुणालाही तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये अमेरिकेत शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, पुढे १९७१ मध्ये आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात तो वाढतो असं दिसलं. या दोन्ही ठिकाणी त्याला हवी ती गोष्ट मिळते : गारवा. माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंश, पण या जंतूला त्याहून चार-पाच अंश कमी असलेली जागा मानवते. म्हणून तो यकृतात किंवा आतड्यात सहसा ठाण मांडत नाही. नाकाचा आतला पडदा, कानाची पाळी, कातडी आणि कोपर, गुडघ्याची बाजू, घोटा इथे कातडीलगतून जाणाऱ्या नसा, या त्याच्या जागा. आम्ही तपासणीसाठी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तिथला द्रव काचपट्टीवर घ्यायचो, त्याचं कारण हेच.

आता पहिला प्रश्न. हा शिरतो कुठून?

प्रत्येक जंतूचा आपला रस्ता असतो. पटकीचा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो, जठरातल्या आम्लात बहुतेक मरतात, वाचलेले लहान आतड्यात पोचतात. प्लेग पिसवेच्या चाव्यातून आला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातून त्याने अख्ख्या इलाख्याला ग्रासलं. लेप्टोचा जंतू उंदरांच्या मुतातून भाताच्या खाचरात आणि तुंबलेल्या पाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या टाचेतून किंवा छोट्या ओरखड्यातून थेट रक्तात जातो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ताप आला आणि पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर डॉक्टर आधी लेप्टोचाच विचार करतात.

कुष्ठरोगाचा जंतू मुख्यतः नाकावाटे शिरतो. उपचार न घेतलेल्या, अंगात भरपूर जंतू असलेल्या रुग्णाच्या नाकातून रोज लाखो जंतू बाहेर पडतात. शिंकण्या-खोकण्यातून उडालेल्या थेंबांवाटे ते दुसऱ्याच्या नाकात जातात, पण एवढ्याने भागत नाही. एका छपराखाली महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहणं लागतं. आणि तरीही शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला टिकू देत नाही. त्यांच्या अंगात तो शिरतो आणि संपतो, त्यांना पत्ताही लागत नाही. मी आयुष्यभर रुग्णांचे हात हातात धरले आणि मला काही झालं नाही, यात माझं धाडस काहीच नाही. मी बहुधा त्या पंच्याण्णवांतला आहे, आणि ज्यांचे हात धरले त्यांतल्या बहुतेकांनी गोळ्या सुरू केलेल्या होत्या.

दुसरा प्रश्न : शिरल्यावर बसतो कुठे? इथे हा जंतू बहुतेकांहून वेगळा आहे. माणसाच्या संवेदना नेणाऱ्या नसांमध्ये असं घर करणारे जंतू फार विरळ. वीज वाहणाऱ्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, तसं प्रत्येक नसतंतूभोवती श्वान नावाच्या पेशींचं वेष्टण असतं. या पेशींच्या बाहेरच्या आवरणात लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं आणि जंतूच्या मेणचट भिंतीवर एक खास स्निग्ध पदार्थ असतो, जो सहसा इतर जंतूंवर आढळत नाही. हे दोन एकमेकांना चिकटतात. मग पेशी त्याला आत घेते. आत तो सुरक्षित असतो, सावकाश वाढतो, आणि वेष्टण ढासळत जातं. पहिल्यांदा जाते ती गार-गरम ओळखण्याची शक्ती. मग हलका स्पर्श. मग वेदना.

म्हणून पहिली खूण असते फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, दुखणं नाही, घाम येत नाही, आणि टोचलं तर कळत नाही. खारघरकडच्या एका वीटभट्टीवर काम करणाऱ्या मावशींच्या दंडावर असा चट्टा होता. मी विचारलं, दाखवला का कुणाला? त्या म्हणाल्या, ‘दुखत नाय, खाजत नाय, मग दवाखान्यात कशाला जाऊ? एक दिवसाची मजुरी बुडल.’ त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काय होतं? जगभरात माणूस दुखलं म्हणूनच डॉक्टरकडे जातो. हा रोग दुखण्याचीच वाट बंद करतो, आणि म्हणून तो घराघरात जाऊन शोधावा लागतो.

तपासणी सोपी आहे. उजेडात, शक्यतो सकाळच्या उन्हात, माणसाला उभं करायचं. बल्बच्या पिवळ्या उजेडात फिकट चट्टा हमखास चुकतो. आधी चांगल्या कातडीवर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवून दाखवायचं की असं लागेल. मग डोळे मिटायला सांगायचं आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगायचं. चट्ट्यावर पेन टेकल्यावर माणूस स्वस्थ उभा राहतो, बोट उचलत नाही. त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतली नस चाचपायची. दोन्ही हातांची एकदम. एकीकडची जाड आणि हुळहुळी लागली, की बहुतेक प्रश्न संपतो. प्रयोगशाळेत काचपट्टी तांबड्या रंगाने रंगवून आम्लाने धुतात. बाकी सगळं फिकं पडतं, या जंतूच्या मेणकट भिंतीतला रंग मात्र जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे पुंजके दिसतात. ज्यांच्या अंगात जंतू कमी, त्यांच्या पट्टीवर काहीच दिसत नाही, म्हणून पट्टीपेक्षा पेनवर माझा भरवसा जास्त.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नासधूस कोण करतं?

पटकीचा किंवा धनुर्वाताचा जंतू विष तयार करतो. धनुर्वातात तर जंतू जखमेतच राहतो आणि त्याचं विष साऱ्या अंगाचे स्नायू आखडवतं. कुष्ठरोगाच्या जंतूकडे असलं विष नाही. काही रुग्णांच्या अंगात कोट्यवधी जंतू असतात आणि तरी ते कित्येक महिने कामधंदा करत हिंडत असतात. खरं नुकसान पुष्कळदा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हातून होतं. तिला जंतूचा सुगावा लागतो, पण जंतू नसेच्या आत. ती त्याच्यावर तुटून पडते ती नसेसकट. नस सुजते. कोपरापाशी ती हाडाच्या अरुंद खाचेतून जाते, सुजल्यावर जागा उरत नाही, आणि आतले तंतू चिरडले जातात. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकडं होतं. डोळ्याची पापणी मिटवणारी नस गेली, तर पापणी झोपेतही उघडी राहते आणि बुबुळ सुकतं.

याला आमच्यात ‘रिॲक्शन’ म्हणतात. ही उपचार चालू असताना येते, संपल्यावरही येते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात असतातच. रुग्णाला वाटतं गोळ्या लागू पडल्या नाहीत, उलट वाढलं. तो गोळ्या टाकून देतो. अशा वेळी सूज उतरवायला प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, आणि ते वेळेवर मिळालं तर गेलेली ताकद पुष्कळ परत येते. सहा महिन्यांहून जुना लुळेपणा मात्र औषधाने सहसा सुधारत नाही. म्हणून माणसाला आधीच सांगून ठेवायला हवं : हात जड वाटला, गुंडी लावताना बोटं चुकायला लागली, डोळ्यात सारखं काही गेल्यासारखं वाटलं, तर त्याच आठवड्यात ये. मला वाटतं, गोळ्यांचं पाकीट हातात देण्याइतकंच हे सांगणं मोलाचं आहे, आणि घाईत तेच राहून जातं.

मग झडलेली बोटं? कुष्ठरोगाचा जंतू बोटं खात नाही. ती दुसऱ्या जंतूंची करणी असते. गव्हाणच्या खाडीकडे कालवं काढणाऱ्या एका काकांचा तळवा बधिर झालेला होता. कालवाचं शिंपलं धारदार असतं, तुम्हाआम्हाला लागलं तर आपण जागीच बसू. काका तो तुकडा तळव्यात घेऊन चालत राहिले. लंगडले नाहीत, कारण लंगडायला वेदना लागते. घरी आल्यावर चपलेत ओलं लागलं म्हणून त्यांनी पाहिलं. तोवर नेहमीचे, आपल्या कातडीवर आणि मातीत असणारे स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू फाटलेल्या कातडीतून आत गेले होते. धडधाकट माणसाच्या पायात अशी जखम झाली, तर दुखऱ्या पायावर तो वजन टाकत नाही आणि ती भरते. बधिर पायावर दर पावलाला साऱ्या शरीराचं वजन पडतं, आतलं मांस चिरडतं, पू हाडापर्यंत उतरतो, हाड कुजतं आणि तुकड्या-तुकड्याने निघतं. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे सिद्ध केलं. रात्री झोपेत उंदीर बधिर बोटं कुरतडतात आणि रुग्णाला जाग येत नाही, हेही त्यांनीच पाहिलं, आणि रुग्णांना मांजरं पाळायला लावली.

म्हणजे एकाच माणसाच्या अंगात दोन प्रकारचे जंतू दोन वेगळ्या दारांनी शिरलेले असतात. पहिला नाकातून, कित्येक वर्षांपूर्वी, चोरपावलांनी. दुसरे तळपायातून, काल-परवा. पहिल्याने फक्त वेदना काढून घेतली. पायाचा आकार दुसऱ्यांनी बदलला. लोक ज्या जखमेकडे पाहून नाक मुरडतात, तिच्यात कुष्ठरोगाचा जंतू बहुधा नसतोच. आणि ज्याच्यापासून खरोखर लागण होते, त्याचे हातपाय कदाचित अगदी सुबक असतात, कातडी थोडी तुकतुकीत, कानाच्या पाळ्या किंचित जाड, आणि तो आपल्याशेजारी लोकलमध्ये बसलेला असतो. १८९८ च्या कायद्याने या देशात रुग्णांना डांबण्याचा अधिकार दिला होता. तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये काढलं. इतकी वर्षं आपण बऱ्या झालेल्या माणसांना शिक्षा करत होतो.

बरं होणं आता साधं आहे. पूर्वी एकटं डॅप्सोन देत. वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. त्याला जंतू निर्ढावले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली : एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. कमी जंतूंच्या रुग्णाला सहा महिने, जास्त जंतूंच्या रुग्णाला बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. रिफाम्पिसिनचा पहिला डोस जवळजवळ सगळे जिवंत जंतू मारतो, आणि काही दिवसांत त्या माणसापासून कुणाला लागण होत नाही. त्या गोळीने लघवी तांबडी होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. पहिल्या गोष्टीने पुरुष घाबरतात, दुसरीने लग्नाच्या वयाच्या मुली. दोन्ही पुढे जातं, हे मी प्रत्येक घरात बसून सांगत असे, आणि मुलीच्या आईला बाजूला घेऊन पुन्हा एकदा.

कायमच्या बधिर झालेल्या पायाला औषध नाही, त्याला जपण्याची सवय लावून घ्यावी लागते. रोज संध्याकाळी पाय धुऊन अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, भेगांची कड खरखरीत दगडाने घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं आणि दिव्याखाली तळवा न्याहाळायचा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला दाखवायचा. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल घालायची. चुलीवरचं भांडं फडक्याने धरायचं. ज्या घरांनी हे पाळलं, तिथल्या म्हाताऱ्यांची दाही बोटं शाबूत राहिली.

भारताने जाहीर केलं की डिसेंबर २००५ मध्ये दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याने कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपला. आकडा खरा होता, पण तो देशाची सरासरी सांगत होता. त्या सुमारास घरोघरची शोधमोहीम थांबली. रुग्णाने आपण होऊन यावं अशी व्यवस्था झाली. न दुखणाऱ्या रोगात रुग्ण आपण होऊन कसा येईल? वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेच्या संशोधकांनी शांतिवनच्या लोकांना बरोबर घेऊन आमच्याच पनवेल तालुक्यात घरोघर तपासणी केली. प्लॅस्टिक सर्जन नोशीर अंतिया यांनी हे फाउंडेशन स्थापन केलं होतं. कुष्ठरुग्णांची व्यंगं शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २००९ मध्ये त्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुठल्याही नोंदवहीत नसलेले रुग्ण सापडले, त्यांत मुलं होती.

मुलाच्या अंगावरचा चट्टा हा म्हाताऱ्याच्या चट्ट्याहून वेगळा निरोप असतो. म्हाताऱ्याला लागण वीस वर्षांपूर्वी झालेली असू शकते. सात वर्षांच्या मुलाला ती गेल्या सात वर्षांतच झाली, म्हणजे त्याच्या घरात, आळीत किंवा भट्टीवर उपचार न घेतलेलं कुणीतरी आज वावरतं आहे. मूल सापडलं की आम्ही आधी त्याच्या आजी-आजोबांचे कान पाहायचो. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातले आहेत. त्यामुळे सरकारने पुन्हा घरोघरी शोध सुरू केला आहे, आशाताई, म्हणजे सरकारच्या आरोग्य स्वयंसेविका, त्यात फिरतात.

त्यांचं काम माझ्या वेळेपेक्षा कठीण आहे. तेव्हा गाव म्हणजे गाव होतं. आता उलव्यापासून तळोज्यापर्यंत इमारती उठल्या, बांधकामावर ओडिशा, झारखंड, बिहारमधले मजूर पत्र्याच्या खोल्यांत दहा-दहा जण झोपतात, आणि काम संपलं की ठेकेदार त्यांना दुसरीकडे हलवतो. बारा महिन्यांचं औषध चौथ्या महिन्यात तुटतं. उंच इमारतींत तर रखवालदार आशाताईला जिन्यापर्यंतही जाऊ देत नाही, आणि त्या इमारतींत स्वयंपाकाला, झाडू-पोछ्याला येणाऱ्या एखाद्या बाईच्या दंडावर चट्टा असेल तर तो तिथल्या कुणाला दिसतही असेल. तिला कामावरून काढू नका. ओळखीचं आरोग्य केंद्र सांगा, एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. निदान झालं, तर तिच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल, आणि ज्यांना रोग नाही त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस मिळेल, वयाप्रमाणे मोजून. तेवढ्या एका डोसाने पुढच्या दोन वर्षांत त्यांना हा रोग होण्याची शक्यता निम्म्याहून खाली येते.